सुकेळीच्या मांडवातला पंख

पापा आणि माझा भाऊ इनास यांचं बोलणं बंद होऊन दुसरं वर्ष लागलं होतं, तरी नंदाखाल गावातलं सगळ्यात गोंगाटाचं घर बहुधा आमचंच असेल. विहिरीवरचा डिझेलचा पंप सकाळीच धडधडायला लागे आणि केळीच्या शेवटच्या ओळीला पाणी पोचेपर्यंत थांबत नसे. आई माजघरात शिवणयंत्र चालवी. देवळाची (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) घंटा वाजली की आमचा कुत्रा तिच्या सुरात सूर मिसळून रडे. आणि पडवीत पापांचं सायक्लोस्टाइल यंत्र होतं. आधी खटक, मग घर्र, मग ओल्या शाईचा कागद ताटलीत पडल्याचा फडफडाट. एवढ्या आवाजात दोन माणसांचं न बोलणं ऐकू यायला नको होतं, पण यायचं. जेवताना तर फारच.

"बाय, तुझ्या भावाला विचार, पंपाचं डिझेल आणलं का," पापा म्हणत. भाऊ समोरच्याच बाकावर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, तांदळाची भाकरी मोडत बसलेला असे.

"बाय, सांग आणलं म्हणून. कालच आणलं."

"कुठे ठेवलंय, विचार."

"नेहमीच्या जागी, सांग."

मी विचारतही नसे आणि सांगतही नसे, कारण दोघांनाही सगळं ऐकू येत असे. मी फक्त मध्ये बसायचं. आई मात्र एखाद्या दिवशी भडके. "मी आणि माझी पोर काय टेलिफोन एक्स्चेंज आहोत? बोला, नाहीतर मुकाट्याने बोंबील खा." मग दोघं मुकाट्याने बोंबील खात. (घरात आम्ही आमची बोली बोलत असू. इथे मी ती शाळेतल्या मराठीच्या जवळ आणून लिहिते आहे. आमच्या गावाच्या चार मैलांपलीकडच्या माणसाला ती बोली कळत नाही, आणि मला हे त्यालाही सांगायचं आहे.)

भांडणाचं कारण साधं होतं. इनास माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, आणि लहानपणापासून यंत्रांनी झपाटलेला. पंप बिघडला की तो खूश होई. शाळा संपता संपता त्याने हवाई दलात तंत्रज्ञ व्हायचं म्हणून कुणाला न विचारता परीक्षा दिली आणि पासही झाला. वयाने तो अजून लहान होता, वडिलांची संमती लागत होती. पापा प्राथमिक शाळेत मास्तर, आणि शाळा सुटल्यावर आमच्या पट्ट्यातले एकमेव पत्रककार, म्हणजे पत्रकं लिहून, छापून वाटणारे. ते म्हणाले, नाही. माझ्या घरातून माणसं मारायच्या यंत्रांना हात मिळणार नाहीत.  दुसऱ्या आठवड्यात इनास पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला आणि त्या दिवसापासून त्याने पापांना 'पापा' म्हणून हाक मारली नाही. पापांनीही मग हट्ट धरला. आता तो सज्ञान झाला होता, कुणाच्या संमतीची गरज नव्हती. पण बापाचा शब्द न घेता घर सोडून जाईल असा तो नव्हता, आणि शब्द मागायला आधी बोलावं लागलं असतं. भरतीच्या वयाची मर्यादा येत्या उन्हाळ्यानंतर संपणार होती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याविषयी कुणीच बोलत नव्हतं.

मी कुणाच्या बाजूची, हे विचारायची गरज नव्हती. मी पत्रकांवर वाढले. फसलेल्या प्रतींनी आमची फडताळं झाकलेली असत, माझ्या शाळेच्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असत, चुलीत पहिली काडीही त्यांनाच लागे. मी जोडाक्षरं त्यांच्यावरच शिकले. माझं पहिलं वाचलेलं वाक्य "बंधुभगिनींनो, जागे व्हा!" हे होतं आणि बरेच दिवस मला वाटे की पापा हे गावाला सकाळी वेळेवर उठवण्यासाठी छापतात. विहिरींचं पाणी टँकरवाल्यांना विकू नका, दारूचे अड्डे बंद करा, मुलींना शाळेतून काढू नका, अणुबॉम्ब हा देवाच्या कामात केलेला हस्तक्षेप आहे. या वाक्यांच्या तालावर मी बोलायला शिकले. सतराव्या वर्षी मी स्वतः लिहायला लागले होते. वेदीवर सेवेला फक्त मुलगेच का, असं फादरांना विचारणारं माझं पत्रक पापांनी एकही शब्द न बदलता छापलं होतं, आणि पुढचे तीन रविवार आई मला देवळात मागच्या बाकावर बसवत होती. मी तापट होते. अजूनही आहे. वय वाढलं की माणूस निवळतो म्हणतात, ते माझ्या बाबतीत अजून व्हायचं आहे.

तर अशा घरात जुजेमामा ते खोकं घेऊन आला.

जुजेमामा आईचा धाकटा भाऊ, मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला. वर्षातून एकदा यायचा आणि येताना साबण, चॉकलेटं, आईसाठी कापड असं काहीबाही आणायचा. त्या वर्षी पावसाळा संपल्यावर आला तो आगाशीच्या एसटी थांब्यापासून एक भलंमोठं चपटं खोकं डोक्यावर घेऊन. वाटेत निम्म्या गावाने विचारलं, जुजे, दरवाजा आणलास का? पडवीत त्याने ते खाली ठेवलं आणि पापांच्या देखत म्हणाला, "भावोजी, तुम्ही ह्याला खऱ्या विमानाजवळ जाऊ देत नाही. म्हटलं, खोटं तरी आणून देऊ."

खोक्यावर चित्र होतं. चार इंजिनांचं बॉम्बर विमान, तिरपं वळलेलं, आणि खाली जळणारं शहर. चित्रकाराने ज्वाळा फार मेहनतीने काढल्या होत्या. पापा वाकले, चष्मा वर करून त्यांनी चित्र अगदी जवळून पाहिलं, विमान नाही, शहर. मग दोन्ही हातांनी खोकं उचलून त्यांनी ते पालथं ठेवलं आणि पाय धुवायला निघून गेले.

आत प्लास्टिकच्या करड्या चौकटी होत्या आणि त्या चौकटींना पानाला देठ असावा तसे बारीक देठांनी शेकडो भाग जोडलेले. पात्याने एकेक सुटा करायचा, कानशीने घासायचा आणि नळीतल्या डिंकाने चिकटवायचा. सोबतच्या कागदावर परक्या भाषेतली सूचना होती, पण चित्रं आणि आकडे होते आणि इनासला तेवढं पुरेसं होतं. तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि एकेक चौकट उजेडाकडे धरून बघू लागला. त्या भांडणापासून मी त्याचा तसा चेहरा पाहिला नव्हता. मला ते आवडलं, आणि आवडलं याचा रागही आला. दुसऱ्या दिवशी मी यंत्रावर चढवायचा एक मेणकागद घेऊन त्यावर पत्रक लिहिलं, एकच प्रत काढली आणि त्याच्या कपाटाच्या दारावर चिकटवली. "आमच्या घरात बॉम्बर नको! विचारा स्वतःला: हे कुणाच्या छपरावर?" संध्याकाळी पाहिलं तर खाली पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "मुद्दा बरोबर. शाई जास्त."

वाटाघाटी जेवणाच्या बाकावर झाल्या, अर्थात आईमार्फत.

"करायचं तर करू दे," पापा ताटाकडे बघत म्हणाले. "पण त्यात ते बॉम्ब दिलेत, ते लावायचे नाहीत. सांग त्याला."

"बॉम्ब नाही लावले तर विमानाच्या पोटाची दारं बंद करावी लागतील, सांग," इनास म्हणाला.

"बंदच बरी, सांग."

"सांगते, सांगते," आई म्हणाली. "विमानाच्या पोटाची एवढी काळजी, पोराच्या पोटात काय आहे ते कुणी विचारत नाही. आणखी भात वाढू का?"

बॉम्बची ती चौकट माझ्या ताब्यात देण्यात आली. मी ते बारके बॉम्ब नखं कापायच्या कटरने एकेक करून तोडले, मोठ्या समारंभाने. आईने त्यातले दोन बटणांच्या डब्यात टाकले कारण तिच्या मते प्लास्टिक चांगलं होतं.

ख्रिसमस आला, गेला आणि विमान वाढत राहिलं. इनास सायकलवरून कामावरून यायचा, हातावर लेथचं तेल. (तो ज्या मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या कडेने यायचा तिथे आता एव्हरशाईन सिटी उभी आहे. मला तिथल्या एका मुलीने मध्यंतरी विचारलं, आजी, इथे आधी काय होतं? मी म्हटलं, वारा.) विहिरीवर हातपाय धुऊन, प्रार्थना आटोपून तो खिडकीजवळच्या मेजावर बसायचा. घरभर त्या डिंकाचा गोड, डोकं चढवणारा वास. आई म्हणे, कालवणात चिंच जास्त झाली तरी आता कळत नाही. विमानाचं धड तयार झालं तेव्हा ते आमच्या कोयत्यापेक्षा लांब होतं आणि दोन्ही पंख वेगळेच पडून होते, प्रत्येक माझ्या हाताएवढा. शेजारचे पास्कूकाका रोज कुंपणावरून डोकावत. त्यांची केळीची वाडी आमच्या वाडीला लागून होती आणि दुसऱ्याच्या घरात लक्ष घालणं हे ते शेतीचंच एक काम समजत.

"काय रे इनास, हे अंडी कधी घालणार?"

"ह्याला अंडी घालायची बंदी आहे, पास्कूकाका."

"मग ह्याचा उपयोग काय?"

"बघायला."

"बघायला आमच्याकडे म्हैस आहे," पास्कूकाका म्हणत आणि तरीही अर्धा तास बघत उभे राहत.

पापा मेजाकडे कधी जात नसत. पण एकदा सकाळी मी त्यांना तिथे उभं पाहिलं. केळीच्या खोडाच्या सालीच्या, म्हणजे सोपाच्या, एका तुकड्यात टाचण्या खोचल्या होत्या आणि प्रत्येक टाचणीवर विमानातला एकेक माणूस रंग वाळायला उभा होता, नखाएवढा. कुणी बसलेला, कुणी कानाला यंत्र लावलेला. पापांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"बाय," ते म्हणाले, "ह्यांचे चेहरे आपल्यासारखे कसे? ती माणसं तर गोरी असतील."

इनास दात घासत दारात उभा होता. "सांग, गोऱ्या रंगाची डबी खोक्यात नव्हती. विटकरीत थोडा पिवळा मिसळला."

"हं," पापा म्हणाले आणि शाळेला गेले. पण जाताना त्यांनी तो सोपाचा तुकडा मेजाच्या कडेवरून आत सरकवून ठेवला, पडू नये म्हणून.

मग रंगाचं प्रकरण झालं. मामाने रंगाच्या डब्या आणल्या होत्या, पण त्या घट्ट झाल्या होत्या. पातळ करायला काय वापरायचं ते त्या कागदावर लिहिलेलं असेल, पण ते वाचायचं कुणी? इनासने रॉकेल घातलं. रंग सुरेख पसरला आणि मग वाळेचना. चार दिवस झाले, आठ झाले, पंखांना बोट लावलं की बोट चिकटे. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला होता, घरात मांसमच्छी नाही, त्यात रॉकेलचा वास, आणि डावा पंख आडवा पडलेला तो नेमका जेवणाच्या बाकावर.

त्या दिवसांत आमच्याकडे सुकेळी घातलेली असत. राजेळी केळी चांगली पिकू द्यायची, सोलायची आणि मांडवावर कडक उन्हात दिवसेंदिवस वाळवायची. ती आक्रसून, मधासारख्या रंगाची होऊन, आपल्याच साखरेने चिकट होतात. मग सुक्या पानात घट्ट बांधून ठेवायची. उन्हाळाभर आमच्या गावाला तोच वास असे. त्या वर्षी आईने एक नवीन युक्ती काढली होती. माश्या आणि मधमाश्या फार त्रास देत म्हणून तिने एका जुन्या लाकडी पेटीला तळाशी काळा केलेला पत्रा ठोकला, त्यावर केळी मांडली आणि वर जुन्या खिडकीचं काचेचं तावदान झाकलं. माश्या गेल्याच, पण केळी निम्म्या वेळात वाळायला लागली. आई त्या पेटीवर इतकी खूश होती की गल्लीतल्या बायकांना बोलावून दाखवत होती. आणि एके दिवशी, इनास कामावर, पापा शाळेत, ती तो चिकट पंख हातात धरून उभी राहिली आणि तिला वाटलं, पोराचा पंख दोन तासांत वाळवून ठेवू. संध्याकाळी त्याला आश्चर्य वाटेल. तिने दोन काठ्यांवर पंख अलगद ठेवला, रंग पुसला जाऊ नये म्हणून, आणि वरून काच झाकली.

मी कॉलेजातून आले तेव्हा आई मांडवाखाली, जमिनीवर, मांडी घालून बसली होती. पेटी उघडी होती. काचेखालच्या उष्णतेने मऊ होऊन पंख मधोमध खाली आला होता, पिकलेल्या राजेळीसारखा. रंग मात्र खडखडीत वाळला होता.

"मी मेले गो बाय," आई म्हणाली. "त्याचं एवढं एकच होतं."

इनास आला. त्याने पंख बघितला, आईकडे बघितलं, आणि मला वाटलं आता हा ओरडेल. मी त्याच्या जागी असते तर ओरडले असते. तो म्हणाला, "असू दे आई. रॉकेल मीच घातलं." आणि विहिरीवर जाऊन पंपाशी पाठमोरा बसून राहिला. पंप चालू नव्हता. आईला त्याचा ओरडा परवडला असता. ती पदर तोंडाला लावून रडायला लागली, आणि तेवढ्यात पापा फाटकातून आत आले.

कुणी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, वाकलेला पंख अंगणाच्या मधोमध पडला होता. पापांनी पिशवी खाली ठेवली, पंख उचलला, एक डोळा मिटून त्याच्या कडेवरून पाहिलं, जसं ते मेणकागदावर ओळी आखायच्या प्लास्टिकच्या पट्टीवरून बघत. ती पट्टी दर उन्हाळ्यात वाकायची आणि पापा ती दर उन्हाळ्यात गरम पाण्यात घालून सरळ करायचे. ते चुलीकडे गेले, लग्नकार्यातला मोठा टोप काढला आणि पाणी तापवायला ठेवलं. बोट बुडवलं, काढलं, थोडं थांबले, पुन्हा बुडवलं. मग टोप अंगणात आणला, पंख त्यात हळूहळू फिरवला आणि तो मऊ पडल्यावर बाहेर काढून विहिरीकडे चालत गेले.

"धर," पापा म्हणाले.

इनासने सवयीने माझ्याकडे पाहिलं, मी निरोप सांगेन म्हणून. मी पाण्याची कळशी घेऊन उभी होते. मी तोंड उघडलं नाही.

"तुला सांगतोय. ते टोक धर. थंड होईपर्यंत सोडायचं नाही, नाहीतर पुन्हा जाईल. बाय, तू मधे पाणी सोड, बारीक धार."

तर असे ते दोघं विहिरीच्या काठावर समोरासमोर उभे होते, मधे तो पंख, आणि दोघांपैकी कुणालाही तिथून हलता येत नव्हतं.

"थोडं वर," पापा म्हणाले.

"एवढं?"

"हं."

कुंपणावरून पास्कूकाकांचं डोकं वर आलं. "काय, बाळाला अंघोळ?"

"पास्कूभाऊ, तुमची म्हैस ओरडते आहे," आई माजघराच्या दारातून म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की पास्कूकाका खरोखर गेले.

"एका पंखाला दोन इंजिनं?" पापांनी विचारलं.

"दोन. एक बंद पडलं तरी बाकीची घरी आणतात."

"घरी आणतात. पण आधी कुठे जातात?"

इनासने पंखाचं टोक नीट धरलं. मग म्हणाला, "पुरात भाकऱ्या टाकायलाही विमानच जातं."

"जातं. पण विमान घेताना भाकऱ्यांचा विचार करून कुणी घेत नाही."

मी मनात म्हटलं, बरोबर. आजही म्हणते. पण इनास थांबला नाही.

"मी लेथवर दिवसभर एकाच मापाच्या बोल्टला आटे पाडतो," तो म्हणाला. "सगळे सारखे. ते कुठे जातात कुणी सांगत नाही. पाळण्याला लागतात का तोफेला, मला माहीत नाही, आणि मालकालाही बहुतेक नसेल. तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी तिथे गेलो. हे तुमच्या कुठल्या पत्रकात बसतं, सांगा."

पाण्याची धार पंखावरून मातीत पडत होती. पापांनी आपल्या हातातलं टोक किंचित फिरवलं.

"नाही बसत," ते म्हणाले.

पापांनी वादात असं म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. गावात लोक त्यांना टाळत ते याचमुळे, की त्यांच्याकडे सगळ्याला उत्तर असे.

"लढाई चालू होती तेव्हा," पापा म्हणाले, "तू लहान होतास. आपण खिडक्यांना काळे कागद लावले होते. वर्गातली पोरं रोज विचारायची, सर, आपल्यावर पडेल का? मी सांगायचो, नाही पडणार. मला काय माहीत होतं? एक दिवस शिकवता शिकवता मनात आलं, तिकडेही एखादा मास्तर असेल, आणि तोही आपल्या पोरांना हेच सांगत असेल, आणि त्यालाही काही माहीत नसेल. तेव्हा ठरवलं. आपल्या घरातून ह्या कामाला हात द्यायचे नाहीत."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"सांगितलं नाही कसं? छापून सांगितलं."

"छापून सगळ्या गावाला सांगितलंत, पापा. मला नाही."

त्याने 'पापा' म्हटलं होतं. आईच्या हातातला पळा खाली पडला आणि तिने तो उचलला नाही. पापांचा खालचा ओठ थोडा हलला, वर्गात एखाद्या मुलाने अवघड प्रश्न विचारला की हलायचा तसा.

"थंड झालं का?" इनासने विचारलं.

"अजून नाही," पापा म्हणाले.

पाणी मी ओतत होते, म्हणून मला ठाऊक आहे. पंख केव्हाच थंड झाला होता. माझी दुसरी कळशीही संपत आली होती. मी ती शक्य तितकी हळू ओतली.

"भरती कधी आहे?" पापांनी विचारलं.

"पुनरुत्थानाच्या सणानंतर."

"मला पटलेलं नाही."

"कळलं."

"पटणारही नाही."

"कळलं, पापा."

"जा तू. इंजिनं उघड. पण मी बरोबर येणार."

पंख अगदी सरळ झाला नाही. टोकाला जरासा वर राहिला. इनास म्हणाला, उडताना खऱ्या विमानाचेही पंख असे वर होतात. हे खरं की त्याने आईसाठी रचलेलं, मी कधी विचारलं नाही. उजवा पंख त्याने पडवीत, सावलीत, तीन आठवडे वाळवला.

भरतीच्या आदल्या संध्याकाळी पापांनी मला बोलावलं आणि म्हणाले, लिही. मी लिहिलं. "मुलांनो, आत जाण्याआधी हे वाचा." मी त्यात काही हातचं राखलं नाही. शेवटच्या परिच्छेदात कोणत्याही झेंड्याखाली पडलेला बॉम्ब बॉम्बच असतो असं लिहिलं होतं आणि त्यातला एकही शब्द आज मी बदलणार नाही. छापायला, यंत्राचं हँडल फिरवायला, इनास उभा राहिला. पापांचा खांदा दुखायचा, त्यामुळे बोलणं बंद असतानाही हे काम त्याचंच होतं. पहिली प्रत बाहेर आली, ती त्याने वाचली, म्हणाला, "बाय, चांगलं लिहिलंयस," आणि पुढची काढायला लागला.

मीही दोघांबरोबर मुंबईला गेले. भरतीच्या फाटकाबाहेर मुलांची लांब रांग होती. कुणी गावाकडून रात्रभर प्रवास करून आलेले, कुणी बुटांच्या नाड्या पुन्हा पुन्हा बांधणारे. पापा धुतलेल्या सदऱ्यात, पिशवी खांद्याला लावून, रांगेच्या शेंड्यापासून प्रत्येकाला एकेक पत्रक देत चालले. "घ्या बाळांनो. वाचा, आणि मग तुमचं तुम्ही ठरवा." इनासपाशी आल्यावर ते जरा थबकले. मग त्यालाही एक दिलं. त्याने ते घडी घालून दाखल्यांच्या पाकिटात ठेवलं.

फाटकावरचा पहारेकरी आला. मला वाटलं, आता आम्हाला पकडतात. मी मनात भाषणाची पहिली ओळ तयारही केली.

"मास्टरजी, क्या बाँट रहे हो?"

पापांनी त्यालाही एक दिलं. त्याने उलटंसुलटं करून पाहिलं. "मराठी नहीं आती. क्या लिखा है इसमें?"

पापांनी आपलं शाळेतलं हिंदी गोळा केलं. "लिखा है कि लड़ाई बुरी चीज़ है."

पहारेकऱ्याने कागदाकडे पाहिलं, रांगेतल्या पोरांकडे पाहिलं. "सही लिखा है," तो म्हणाला. पत्रक खिशात ठेवून त्याने आम्हाला समोरच्या झाडाच्या सावलीत उभं राहायला सांगितलं, ऊन फार आहे म्हणून. माझं भाषण मनातच राहिलं.

दुपार कलल्यावर इनास बाहेर आला. तो पास झाला आहे हे त्याच्या चालण्यावरून लांबूनच कळत होतं, पण पापांनी ते विचारलंच नाही. "वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"वाचलं. आत फार वेळ बसवून ठेवलं होतं. दोनदा वाचलं."

"मग?"

"मग बोलावलं आणि मी गेलो."

पापांनी मान हलवली. रांग पांगली होती आणि बरीच पत्रकं रस्त्यावर पडली होती, पावलांखाली आलेली. पापा खाली वाकून ती वेचायला लागले, कारण कचरा करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. इनासही वाकला. बाप आणि मुलगा त्या फाटकासमोर, फुटपाथच्या कडेकडेने, युद्धाच्या विरोधातली पत्रकं झटकून झटकून गोळा करत होते, आणि पहारेकरी बघत होता.

"ही बरी आहेत," इनास म्हणाला. "पुढच्या भरतीला लागतील."

"लागतील," पापा म्हणाले, आणि मग गठ्ठा छातीशी धरून एकदम थांबले. "पण आता हँडल कोण फिरवणार?"

इनासने हातातली पत्रकं नीट जुळवली. "रजा असते, पापा," तो म्हणाला. "तुम्ही लिहून ठेवा. मी आलो की काढून देईन."

आणि तो देत असे. हवाई दलातून रजेवर आलेला माझा भाऊ बनियनवर पडवीत उभा आहे, पत्रकं काढतो आहे, आणि पापा ओला कागद दोन बोटांनी उजेडाकडे धरून त्याला सांगताहेत, जरा हळू फिरव, घाई कसली आहे.